बारा व्होल्ट, पण किती ॲम्पिअर?

आम्स्टरडॅम स्लोटरडाइक हे स्टेशन शहराच्या पश्चिम कडेला आहे. एका बाजूला बंदर, दुसऱ्या बाजूला ए-10 हा रिंगरोड, मधे काचेच्या कचेऱ्या, हॉटेलं आणि गोदामं. लगतच्या औद्योगिक वसाहतीत शिरलं की रस्त्यांच्या पाट्यांवर विजेचं सगळं सामान मांडलेलं दिसतं: ट्रान्सफॉर्माटोरवेख, काबेलवेख, कंडेन्साटोरवेख, कॉन्टाक्टवेख, खेनेराटोरस्ट्राट. मेट्रोच्या 50 क्रमांकाच्या मार्गाचं शेवटचं स्टेशन आहे इसोलाटोरवेख, म्हणजे विद्युतरोधकाच्या नावाचा रस्ता. शहराच्या नकाशावर विजेला इतकी जागा देणाऱ्या वस्त्या फार नसतील.

याच भागातला राडारवेख हा रस्ता जगभरच्या संशोधकांना वेगळ्या कारणानं ठाऊक आहे. एल्सेव्हिअर या प्रकाशनसंस्थेचा 'राडारवेख 29' हा पत्ता वर्षानुवर्षं तिच्या पुस्तकांच्या पहिल्या पानांवर छापला गेला. बॅटरीविज्ञानातलं 'जर्नल ऑफ पॉवर सोर्सेस' हे 1976 साली सुरू झालेलं नियतकालिक याच संस्थेचं. शिशाच्या पट्टीवर गंधकाम्लाचा काय परिणाम होतो, थंडीत लिथियमचे आयन का मंदावतात, यांवरचे हजारो लेख त्यातून जगभर गेले.

त्याच राडारवेखवर सोमवारी सकाळी एखाद्याची गाडी सुरू होत नाही. सेल्फ मारला की नुसतं टक-टक. खरं तर शुक्रवारी त्यानं मीटर लावून पाहिलेलं असतं आणि मीटरनं 12.6 व्होल्ट दाखवलेले असतात. पुस्तकाप्रमाणे ही बॅटरी पूर्ण भरलेली. मग दोन दिवसांत वीज गेली कुठे? हा प्रश्न सोडवायला व्होल्टमीटर पुरत नाही. त्यासाठी बॅटरीतून वाहणारा प्रवाह, म्हणजे करंट, मोजावा लागतो. पुढच्या पानांचा विषय तोच आहे.

व्होल्ट मोजणं सोपं असतं, म्हणून सगळे व्होल्टच मोजतात. दोन टर्मिनलांना दोन सळया टेकवल्या की आकडा समोर. प्रवाह असा बाहेरून हात लावून सापडत नाही. मीटर वाहत्या वाटेत घालावं लागतं, नाहीतर तारेभोवतीचं चुंबकीय क्षेत्र ओळखणारं उपकरण तरी हवं. त्याहून मोठी अडचण आकड्यांच्या पल्ल्याची आहे. रात्री कुलूप लावून उभ्या असलेल्या गाडीची बॅटरी 0.03 ॲम्पिअर देत असते. सकाळी सेल्फ मारताना तीच बॅटरी 300 ॲम्पिअर देते. दोन्हींत दहा हजारपटींचा फरक. सोनाराच्या काट्यावर उसाची ट्रॉली चढवता येत नाही आणि साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर मंगळसूत्र तोलता येत नाही. इथे मात्र वस्तू एकच आणि तिला दोन्ही काटे लागतात. म्हणून मीटर हातात घेण्याआधी ठरवायचं ते एवढंच: आपल्याला कोणता प्रवाह मोजायचा आहे, झोपेतला, उठण्याचा की भरण्याचा?

प्रवाह मोजायला माणूस कसा शिकला, ही गोष्ट स्लोटरडाइकवरून जाणाऱ्या रुळांना धरूनच सांगता येते. नेदरलँड्समधली पहिली आगगाडी 20 सप्टेंबर 1839 रोजी आम्स्टरडॅमहून हार्लेमला गेली. तोच मार्ग 1842 मध्ये लायडनला, 1843 मध्ये हेगला आणि 1847 मध्ये डेल्फ्टवरून रॉटरडॅमला पोहोचला. डच लोक त्याला आजही जुना मार्ग म्हणतात. विजेच्या मोजमापातले अनेक टप्पे याच मार्गावर येतात.

सुरुवात लायडनची. 1746 मध्ये तिथले प्राध्यापक पीटर फान मुशेनब्रुक यांनी पाण्यानं भरलेल्या काचेच्या भांड्यात वीज साठवली आणि तिचा जबरदस्त झटका खाल्ला. फ्रान्सचं राज्य दिलं तरी हा प्रयोग पुन्हा करणार नाही, अशा अर्थाचं त्यांनी पॅरिसला कळवलं. त्या काळात मीटर नव्हतंच. विजेचा जोर मोजायचं साधन म्हणजे स्वतःचं शरीर. हेन्री कॅव्हेंडिशसारखा शास्त्रज्ञही इंग्लंडमध्ये झटका कुठपर्यंत जाणवला यावरून तारांची तुलना करत असे.

हार्लेममध्ये 1784 साली तायलर्स म्युझियमसाठी एक अजस्र यंत्र तयार झालं. काचेच्या दोन चकत्या, प्रत्येकीचा व्यास सुमारे 1.65 मीटर. आम्स्टरडॅममध्ये काम करणारे इंग्रज कारागीर जॉन कथबर्टसन यांनी ते मार्टिनस फान मारुम यांच्यासाठी बनवलं. त्याच्या ठिणग्या 60 सेंटीमीटरपर्यंत उडत. ते यंत्र आजही त्या संग्रहालयात उभं आहे. 1800 मध्ये इटलीतल्या व्होल्टानं धातूंच्या चकत्यांची आपली चळत जाहीर केली तेव्हा युरोपात वाद पेटला: या चळतीची वीज आणि घर्षणातून निघणारी वीज एकच का? फान मारुम यांनी 1801 मध्ये व्होल्टाच्या चळतीवर लायडनची भांडी भरून पाहिली आणि वीज एकच असल्याचा निर्वाळा दिला. फरक होता तो प्रमाणाचा. काचेच्या यंत्रात दाब प्रचंड आणि प्रवाह नगण्य. चळतीत दाब किरकोळ, पण प्रवाह भरघोस आणि अखंड.

मोटारीची बॅटरी ही त्या चळतीची वंशज आहे. तिच्या बारा व्होल्टांना कोरडा हात लावला तर काही जाणवत नाही. पण दोन टर्मिनलांमध्ये पाना आडवा पडला तर तो लाल होतो, चिकटतो, कधी वितळतो. बोटातली अंगठी वाटेत आली तर बोट भाजतं. गॅरेजमधले जुने कारागीर काम सुरू करण्याआधी अंगठी, कडं आणि घड्याळ काढून ठेवतात ते याच कारणानं. झटका बसत नाही म्हणून धोका नाही, हा समज चुकीचा आहे.

एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी लायडन पुन्हा केंद्रस्थानी आलं. हेन्ड्रिक लॉरेन्ट्झ 1878 पासून तिथे प्राध्यापक होते. 1902 चं नोबेल पारितोषिक त्यांना पीटर झेमान यांच्याबरोबर मिळालं. चुंबकीय क्षेत्रातून धावणाऱ्या विद्युतभारावर आडवं बल पडतं, हे त्यांच्या नावानं ओळखलं जाणारं तत्त्व. काट्याच्या ॲमीटरमधली गुंडाळी याच बलानं वळते. अमेरिकेत एडविन हॉल यांनी 1879 मध्ये शोधलेला परिणामही याच बलामुळे घडतो: प्रवाह वाहणाऱ्या पट्टीवर चुंबकीय क्षेत्र आलं की तिच्या दोन कडांमध्ये बारीकसा व्होल्टेज तयार होतो. बॅटरीचा प्रवाह मोजू शकणाऱ्या, तारेभोवती लावायच्या क्लँप मीटरच्या जबड्यात जो सेन्सर बसवलेला असतो तो हाच परिणाम वापरतो. लॉरेन्ट्झ पुढे हार्लेमला गेले, तायलर्समधल्या भौतिकशास्त्राच्या विभागाचे प्रमुख झाले आणि 1928 मध्ये तिथेच वारले.

लायडनचेच विलेम आइन्टोव्हेन यांनी याच बलाचा आधार घेऊन दुसरं टोक गाठलं. चांदीचा मुलामा दिलेला क्वार्ट्झचा अतिबारीक धागा त्यांनी शक्तिमान चुंबकाच्या मधे ताणला आणि माणसाच्या हृदयातून निघणारे सूक्ष्म प्रवाह पकडले. यंत्राचं वजन अडीचशे किलोच्या पुढे, ते चालवायला पाच माणसं. रुग्ण दीड किलोमीटरवरच्या रुग्णालयात आणि यंत्र प्रयोगशाळेत, मधे टेलिफोनची तार. आजच्या ईसीजीचा पाया असलेल्या त्या कामाला 1924 चं नोबेल मिळालं. हृदयाच्या प्रवाहासाठी वेगळं यंत्र लागतं आणि इंजिन फिरवणाऱ्या प्रवाहासाठी वेगळं. पल्ल्याचा प्रश्न तेव्हाही हाच होता.

याच मार्गावरच्या डेल्फ्टमध्ये व्हीएसएल ही नेदरलँड्सची राष्ट्रीय मापनसंस्था आहे. आपल्याकडे हे काम दिल्लीची राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळा करते. 20 मे 2019 पासून ॲम्पिअरची व्याख्या थेट इलेक्ट्रॉनच्या विद्युतभारावर बेतलेली आहे. एका सेकंदात सुमारे 6.24 गुणिले दहाचा अठरावा घात इतके इलेक्ट्रॉन एका ठिकाणाहून गेले की तो एक ॲम्पिअर. नाशिक रोडच्या मोटवाने कंपनीचे काट्याचे मल्टिमीटर महाराष्ट्रातल्या पिढ्यान्‌पिढ्यांच्या विद्यार्थ्यांनी प्रयोगशाळेत वापरले. त्या काट्याचं नातं अखेर या व्याख्येशी आहे.

मोटारीत बॅटरी आली ती अगदी सुरुवातीला नव्हे. शिसं आणि गंधकाम्लाची बॅटरी फ्रान्समध्ये गास्तों प्लांते यांनी 1859 मध्ये बनवली. पण त्यानंतर अर्धशतक मोटारी हँडल मारूनच सुरू होत. चार्ल्स केटरिंग यांचा विजेवरचा स्टार्टर 1912 च्या कॅडिलॅकमध्ये बसला आणि बॅटरीला एक अवघड काम मिळालं: दोन सेकंद, पण शेकडो ॲम्पिअर. आजची बारा व्होल्टची बॅटरी म्हणजे सहा घरं, प्रत्येक घर साधारण 2.1 व्होल्टचं. विश्रांतीत 12.6 म्हणजे भरलेली, 12.2 म्हणजे अर्धी, 12 च्या खाली गेली की रिकामी. हे आकडे घरबसल्या कुणीही ताडून पाहू शकतो. पण ते सांगतात ती बॅटरीची या क्षणाची स्थिती. ती कशामुळे आली ते सांगत नाहीत. बॅटरी म्हातारी आहे, गाडीतलं काहीतरी रात्रभर वीज पीत आहे की अल्टरनेटर भरतच नाही, या तिन्ही दुखण्यांत सकाळी व्होल्टमीटरवर एकच आकडा दिसू शकतो.

जुन्या गाड्यांमध्ये हे समोरच दिसत असे. दुसऱ्या महायुद्धातल्या विलिस जीपच्या डॅशबोर्डवर ॲमीटर होता, मध्ये शून्य, एका बाजूला अधिक, दुसऱ्या बाजूला उणे. इंजिन चालू असताना काटा अधिककडे झुकला की डायनामो बॅटरी भरतोय. दिवे लावून इंजिन बंद केलं की काटा उणेकडे. विलिसच्या जीपची जोडणी पुढे महिंद्रांनी मुंबईत सुरू केली. चढावर गाडी लावून उतारावर ढकलून सुरू करायची सवय असलेल्या त्या काळातल्या चालकाला या काट्याची भाषा कळत होती. पुढे गाड्यांमधला विजेचा वापर वाढला, सगळा प्रवाह जाड तारेनं डॅशबोर्डपर्यंत नेऊन परत आणणं महागात आणि धोक्यात पडू लागलं आणि काट्याची जागा बॅटरीच्या चित्राच्या लाल दिव्यानं घेतली. दिवा लागला की बिघाड झालेला असतो. बिघाड होतोय, हे सांगणारा काटा गेला.

आता त्या तीन प्रवाहांकडे.

पहिला झोपेतला. इंग्रजीत त्याला परजीवी म्हणतात. आपल्या गॅरेजात 'करंट खातंय' असं म्हणतात. गाडी बंद असली तरी घड्याळ, गजर, रिमोटची वाट पाहणारा रिसीव्हर आणि कॉम्प्युटरची स्मृती जागी असते. ठाकठीक गाडीत हा प्रवाह बहुधा 20 ते 50 मिलिअँपिअर असतो. मोजताना घाई करून चालत नाही. चावी फिरवून दार लावलं की गाडीतली नियंत्रक यंत्रं लगेच झोपत नाहीत. अर्धा तास, काही गाड्यांत त्याहून जास्त वेळ घेतात. तोवर मीटर अर्धा ॲम्पिअरसुद्धा दाखवेल आणि मोजणारा उगाच घाबरेल. म्हणून बॉनेट उघडून त्याचं कुलूप स्क्रूड्रायव्हरनं बंद स्थितीत आणावं, दारं लॉक करावीत, बिनचावीच्या गाडीची चावी दुसऱ्या खोलीत ठेवावी आणि चहा घेऊन मग यावं.

दुसरा उठण्याचा प्रवाह. लहान पेट्रोल गाडीला सेल्फ मारताना साधारण 100 ते 200 ॲम्पिअर लागतात, डिझेलला 300 आणि त्याहून अधिक. हा आकडा व्होल्टबरोबर वाचला तर निदान होतं. इंजिन जड फिरतंय आणि प्रवाहही नेहमीपेक्षा जास्त आहे, तर संशय स्टार्टरवर किंवा इंजिनावर. इंजिन जड फिरतंय, पण प्रवाह कमी आहे, तर कुठेतरी रोध वाढलाय: गंजलेलं टर्मिनल, सैल अर्थिंग, आतून खराब झालेली तार किंवा बॅटरीच थकलेली. सेल्फ मारताना व्होल्टेज 9.6 च्या खाली कोसळत असेल तर बॅटरीकडे आधी पाहावं. यात गंमत अशी की जो प्रवाह सर्वांत भयंकर वाटतो तो बॅटरीला फारसा रिकामा करत नाही. 200 ॲम्पिअर दोन सेकंद म्हणजे जेमतेम 0.11 ॲम्पिअर-तास. उलट 50 मिलिअँपिअरचा निमूट झोपेतला प्रवाह बारा तासांत 0.6 ॲम्पिअर-तास नेतो, म्हणजे पाचपटींहून जास्त. सोमवारच्या सकाळी दोष सेल्फला देतात, पण बॅटरी संपवलेली असते शनिवार-रविवारनं.

तिसरा भरण्याचा. इंजिन सुरू झालं की अल्टरनेटर आधी वीस-तीस ॲम्पिअर बॅटरीत ओततो आणि ती भरत आली की हा प्रवाह काही ॲम्पिअरवर उतरतो. अर्ध्या तासानंतरही तो उतरत नसेल तर बॅटरी वीज धरून ठेवत नाही, असं समजावं. नव्या गाड्यांत मात्र अल्टरनेटर हुशार असतो. इंधन वाचवण्यासाठी वेग वाढवताना तो भरणं जवळपास थांबवतो आणि ब्रेक लावला की जोरात भरतो. अशा गाडीत क्षणभराचा आकडा पाहून निष्कर्ष काढू नये.

मीटर कोणतं घ्यावं, हा पुढचा प्रश्न. पुण्यात बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीत किंवा मुंबईत लॅमिंग्टन रोडला स्वस्तातलं क्लँप मीटर सहज मिळतं. पण त्यातली बरीचशी फक्त एसी मोजतात. आपल्या घरातल्या विजेची दिशा सेकंदाला पन्नास वेळा पालटून परत येते. तिच्याभोवतीचं चुंबकीय क्षेत्रही हलतं आणि साधी गुंडाळी ते पकडते. बॅटरीचा प्रवाह एकाच दिशेनं वाहतो, म्हणजे डीसी. त्याचं क्षेत्र स्थिर असतं. साधं क्लँप मीटर त्याच्याभोवती लावलं तर शून्य दाखवतं आणि घेणाऱ्याला वाटतं, गाडीत बिघाडच नाही. मोटारीसाठी हॉल सेन्सरचं, डीसी लिहिलेलं मीटरच हवं. तेही वापरण्याआधी तारेजवळ, पण तारेभोवती न लावता शून्यावर आणावं लागतं, कारण पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्रसुद्धा त्याच्या आकड्यात मिसळतं. मिलिअँपिअर मोजायचे असतील तर ही चूक फार मोठी ठरते.

डीसी ही काही फक्त मोटारीपुरती गोष्ट नाही. स्लोटरडाइकच्या फलाटांवरून सुटणाऱ्या आगगाड्या 1500 व्होल्ट डीसीवर धावतात, शेजारची मेट्रो 750 व्होल्ट डीसीवर. मुंबईकरांना यात ओळखीचं काही सापडेल. 3 फेब्रुवारी 1925 रोजी बोरीबंदरहून कुर्ल्याला गेलेली भारतातली पहिली विजेची लोकल याच 1500 व्होल्ट डीसीवर धावली आणि हार्बर मार्गावर ती वीज एप्रिल 2016 पर्यंत टिकली. रेल्वेनं 25 हजार व्होल्टांच्या एसीकडे वळण्याचं कारणही प्रवाहच होता. तेवढीच शक्ती कमी व्होल्टांवर न्यायची तर ॲम्पिअर वाढतात, तारा जाड होतात, सबस्टेशनं जवळजवळ उभारावी लागतात. मोटारीत स्टार्टरची तार अंगठ्याएवढी जाड आणि बॅटरीपासून जवळ का असते, याचंही उत्तर हेच.

मल्टिमीटरनं प्रवाह मोजताना होणारी सर्वांत महाग चूक एका मिनिटात समजावता येते. मल्टिमीटरचा लाल पिन 10 ॲम्पिअरच्या खोबणीत आहे आणि मोजणाऱ्यानं सवयीनं दोन्ही सळया बॅटरीच्या दोन टर्मिनलांना टेकवल्या. ॲमीटरचा आतला रोध जवळपास शून्य असतो. चांगल्या बॅटरीचा स्वतःचा आतला रोध पाचेक मिलिओम. म्हणजे प्रवाहाला अडवायला जवळजवळ कुणीच नाही. हिशेबानं तो दोन हजार ॲम्पिअरच्या पुढे जाऊ पाहतो. नशीब चांगलं असेल तर मीटरमधला फ्यूज उडतो. स्वस्त मीटरमध्ये त्या खोबणीला फ्यूजच नसतो. तेव्हा ॲमीटर नेहमी ओळीत: उणे टर्मिनलाची तार सोडवायची, एक सळई तारेला, दुसरी टर्मिनलाला. आणि तो तसा लावलेला असताना सेल्फ मारायचा नाही, दारही उघडायचं नाही. दहा ॲम्पिअरच्या वाटेतून दोनशे ॲम्पिअर जात नाहीत.

यात आणखी एक मेख आहे. तार सोडवली की आधुनिक गाडी दचकून जागी होते. पुन्हा जोडली की सगळी यंत्रं नव्यानं सुरू होतात आणि जो बिघाड शोधायचा तो कधीकधी तात्पुरता नाहीसाच होतो. म्हणून जाणकार ऑटो इलेक्ट्रिशियन तार सोडवत नाहीत. ते फ्यूजच्या पाठीवर उघडी असलेली दोन टोकं शोधतात आणि त्यांच्यामधले मिलिव्होल्ट मोजतात. 10 ॲम्पिअरच्या लहान फ्यूजचा रोध साधारण सात-आठ मिलिओम असतो. त्यावर 0.1 मिलिव्होल्ट दिसले तर त्या वाटेनं तेरा-चौदा मिलिअँपिअर जात आहेत. एकेक फ्यूज तपासत गेलं की चोर कोणत्या खोलीत आहे ते कळतं: डिकीतला न विझणारा दिवा, नंतर बसवलेला कॅमेरा, अडकलेला रिले किंवा बाहेरून बसवून घेतलेली म्युझिक सिस्टीम.

गाडीही आता स्वतः मोजते. बहुतेक नव्या गाड्यांच्या उणे टर्मिनलावर एक छोटी डबी बसवलेली असते. तिच्यात मँगनीज-तांब्याच्या मिश्रधातूची पट्टी असते, रोध साधारण शंभर मायक्रोओम. 300 ॲम्पिअर गेले तर तिच्यावर 30 मिलिव्होल्ट पडतात, 30 मिलिअँपिअर गेले तर अवघे 3 मायक्रोव्होल्ट. एवढा बारीक फरक वाचणारी चिप आता नखाएवढी झाली आहे. मात्र या डबीमुळे एक पथ्य आलं: बाहेरून चार्जर किंवा जंपर केबल लावताना उणे चिमटा टर्मिनलाला न लावता गाडीच्या सांगाड्यावरच्या नेमून दिलेल्या जागी लावायचा. नाहीतर भरलेला प्रवाह डबीच्या नोंदीत येतच नाही.

हवामान हा या विषयाचा वेगळा अध्याय आहे आणि मराठी वाचकाला तो दोन्ही टोकांनी माहीत असायला हवा. थंडीत रासायनिक क्रिया मंदावते. शून्य अंशाच्या आसपास बॅटरीची ताकद साधारण पाचव्या हिश्शानं घटते आणि नेमकं तेव्हाच घट्ट झालेल्या ऑईलमुळे इंजिन फिरवायला जास्त प्रवाह लागतो. म्हणून बॅटरीवर छापलेला थंडीतल्या प्रवाहाचा आकडा उणे 18 अंशांवर मोजलेला असतो. आम्स्टरडॅमचा हिवाळा तितका कडक नसतो, पण छोट्या पल्ल्याच्या फेऱ्या, दिवे, वायपर आणि काचेचा हीटर यांत बॅटरी भरायची राहून जाते. नागपुरात मे महिन्यात पारा 45 अंशांवर जातो तेव्हा सेल्फ जोरात फिरतो, पण बॅटरीच्या आतल्या शिशाच्या जाळ्या वेगानं गंजतात आणि पाणी उडतं. उष्णता बॅटरीला मारते आणि थंडी ते उघड करते. विदर्भातला बॅटरीवाला हायड्रोमीटरनं ॲसिडची ग्रॅव्हिटी बघतो आणि डिस्टिल्ड वॉटर घालतो. सीलबंद बॅटरीत तो मार्गच नाही. तिथे प्रवाह मोजणं हाच आत डोकावण्याचा उपाय.

नेदरलँड्समधल्या मराठी घरांना, मग ती आम्स्टेलवेनची असोत की आम्स्टरडॅमची, या विषयाशी गाठ पडते ती सुट्टीनंतर. चार आठवडे भारतात, गाडी घराखाली. 50 मिलिअँपिअर म्हणजे दिवसाला 1.2 ॲम्पिअर-तास, 28 दिवसांत 33.6. बॅटरी 60 ॲम्पिअर-तासांची असेल तर निम्म्याहून जास्त गेली, आणि ती नवी व जाताना पूर्ण भरलेली होती असं धरून. प्रवाह 20 मिलिअँपिअर असता तर 13.4 गेले असते आणि गाडी पहिल्या सेल्फला सुरू झाली असती. परतल्यावर पिवळ्या गाडीतून रस्त्यावरची मदत येते ती आनव्हेबे या संस्थेची. 1946 मध्ये सात साइडकारच्या मोटारसायकलींवर तिची ही गस्त सुरू झाली. शेजारच्या जर्मनीत आडाक ही अशीच संस्था बिघाडांची वार्षिक मोजदाद छापते. अलीकडच्या वर्षांत तिथल्या दर शंभर बिघाडांपैकी चाळीसहून अधिक बिघाड बॅटरीचे निघतात.

विजेची गाडी आली म्हणून हे संपलं, असं मात्र नाही. आम्स्टरडॅमनं हा प्रयोग फार लवकर केला. लुड स्खिमेलपेनिंक यांची विटकार ही तीनचाकी, सामायिक वापराची विजेची गाडी 1974 ते 1986 पर्यंत शहरात होती आणि थांब्यावर उभी राहिली की चार्ज होत असे. याच शहराच्या दुसऱ्या टोकाला योहान क्रॉयफ अरेना या स्टेडियममध्ये 2018 पासून 148 निसान लीफ गाड्यांच्या बॅटऱ्यांएवढी साठवण बसवलेली आहे, 3 मेगावॉटची. आजच्या विजेच्या गाडीत किती टक्के चार्ज उरला, हे पडद्यावर दिसतं ते प्रामुख्यानं आत-बाहेर गेलेला प्रवाह क्षणोक्षणी मोजून. तरीही तिच्यात एक छोटी बारा व्होल्टची बॅटरी असते. मोठ्या बॅटरीचे संपर्क जोडणारा रिले तिच्यावरच चालतो. ती बसली तर साठ किलोवॉट-तासांची भरलेली बॅटरी पोटात असूनही गाडी उठत नाही.

या प्रस्तावनेत यंत्रांपेक्षा आकडे जास्त आले, ते मुद्दाम. पुढची पानं वाचताना प्रत्येक प्रयोगाआधी वाचकानं अंदाजाचा आकडा कागदावर मांडावा, मगच मीटरची रेंज निवडावी. अंदाज शेकडोंचा असेल तर मल्टिमीटर खिशात राहू द्यावा. बॅटरी भरताना हायड्रोजन निघतो, तेव्हा जवळ सिगारेट आणि ठिणगी नको. तार सोडवायची तर आधी उणे, जोडायची तर शेवटी उणे. हायब्रिड आणि विजेच्या गाड्यांतल्या नारिंगी तारांमध्ये शेकडो व्होल्ट असतात. त्यांना प्रशिक्षित माणसाशिवाय कुणी हात लावू नये, आणि या पानांतला एकही प्रयोग त्यांच्यासाठी नाही.

लांब सुट्टीवर निघण्याआधी, गाडी कुलूप लावून तासभर उभी राहिल्यावर, झोपेतला प्रवाह एकदा मोजावा आणि तारखेसह गाडीच्या कागदपत्रांत लिहून ठेवावा. आकडा 20 मिलिअँपिअरच्या आसपास असेल आणि बॅटरी भरलेली असेल तर निश्चिंत जावं. 50 च्या पुढे असेल तर नवी बॅटरी घेण्याआधी वीज कुठे जाते ते शोधावं, नाहीतर नवी बॅटरीही त्याच वाटेनं जाईल.